टपालाने पदवी, बेटावरचे विद्यार्थी

२०२०च्या टाळेबंदीनंतर 'दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे अनुभव : एक अभ्यास' हा विषय सिनॉप्सिसच्या गठ्ठ्यात सारखा दिसायला लागला. तुमच्यापैकीही काहींनी तो मनात धरला असेल. पद्धत साधारण ठरलेली असते. प्रश्नावली करायची, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच चौकोन द्यायचे, गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर फिरवायचा आणि आलेल्या उत्तरांचे टक्के काढायचे. शिक्षणशास्त्रात हे चालतं, चालावंही. पण तुमचा विषय इतिहास असेल तर पहिल्याच पायरीवर अडतं. ज्यांचा अनुभव तुम्हाला हवाय त्यांना फॉर्म पाठवता येत नाही. साठ वर्षांपूर्वी टपालाने शिकणारा विद्यार्थी विद्यापीठाच्या दफ्तरात एक नोंदणी क्रमांक आणि काही गुण एवढाच उरतो. तो कुठल्या उजेडात वाचत होता, पुस्तक वेळेवर आलं का, फीचे पैसे कुणी दिले, हे त्या दफ्तरात नसतं.

मग शोधायचं कुठे? यासाठी आज एक टोकाचं उदाहरण घेऊ या: दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरचे राजकीय कैदी, जे तुरुंगात राहून टपालाने विद्यापीठाच्या पदव्या घेत होते. टोकाचं उदाहरण मुद्दाम निवडलंय. टेबल, दिवा, टपालाचा उशीर या गोष्टी एरवी कुणी लिहून ठेवत नाही. तुरुंगात त्यांच्यावरून भांडणं झाली, आणि भांडण झालं की कुठे ना कुठे कागद तयार होतो किंवा निदान कुणाच्या तरी आठवणीत ते पक्कं बसतं.

थोडी पार्श्वभूमी आधी बघू, ती आपल्या ओळखीची आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. याच नमुन्यावर १८७३ साली केप वसाहतीत 'युनिव्हर्सिटी ऑफ द केप ऑफ गुड होप' सुरू झालं. १९१६च्या कायद्याने त्याचं 'युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिका' झालं आणि मुक्काम प्रिटोरियाला हलला. सगळे त्याला युनिसा म्हणतात. जे विद्यापीठ स्वतः वर्गच भरवत नाही, त्याला विद्यार्थी कुठे बसून शिकला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. मंडेला यांची बी.ए. पदवी युनिसाचीच, १९४३ सालची. १९४६ साली युनिसाने पुढचं पाऊल टाकलं आणि बहिःस्थ विद्यार्थ्यांना टपालाने शिकवायला सुरुवात केली. तुलनेसाठी सांगते: दिल्ली विद्यापीठाचा पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ सालचा, आणि आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं.

दरम्यान दक्षिण आफ्रिकेत १९४८ साली नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वर्णभेद हे राज्याचं अधिकृत धोरण झालं. १९५९ साली एक कायदा आला, त्याचं नाव 'विद्यापीठीय शिक्षणाचा विस्तार'. नावावर जाऊ नका. या कायद्याने गोऱ्यांची म्हणून ठरवलेली विद्यापीठं इतरांना जवळपास बंद झाली, सरकारी परवानगीशिवाय प्रवेश नाही. युनिसाचं दार मात्र सगळ्या वर्णांच्या लोकांना उघडं राहिलं. माझ्या मते यात उदारपणाचा भाग फार कमी होता. वर्गच नाही म्हटल्यावर शेजारी शेजारी बसण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. दूरशिक्षणाचं कौतुक करताना 'सर्वांना संधी' हे शब्द आपण सहज वापरतो, म्हणून हे आत्ताच लक्षात ठेवा. अंतर ठेवून शिकवणं हे अंतर ठेवण्याच्या राजकारणालाही सोयीचं असू शकतं.

आता १९६४कडे येऊ. रिव्होनिया खटला संपत आला होता. सरकारी पक्षाने ज्या प्रकारचे आरोप ठेवले होते त्यात फाशी होऊ शकत होती. त्या दिवसांत, निकालाच्या अगदी तोंडावर, मंडेला लंडन विद्यापीठाच्या बहिःस्थ एलएल.बी.च्या परीक्षेचे पेपर देत होते. ते पास झाले. १२ जूनला जन्मठेप झाली आणि ते व त्यांचे सहकारी रॉबेन बेटावर गेले. केप टाउनच्या किनाऱ्यासमोर हे बेट दिसतं. जवळच्या किनाऱ्यापासून जेमतेम सात किलोमीटर.

तिथे शिकायला परवानगी लागायची. बहुतेकांनी अर्ज केले, बहुतेकांना ती मिळाली. पण ती 'सवलत' म्हणून मिळाली, आणि सवलत काढूनही घेता येते. पुढचं सगळं समजून घ्यायला हा एक शब्द पुरेसा आहे.

दिवसा चुनखडीच्या खाणीत काम, संध्याकाळी कोठडी. इतर कैद्यांनी आठ वाजता झोपायचं, अभ्यासाची परवानगी असलेल्यांनी दहा-अकरापर्यंत जागायला हरकत नाही. सुरुवातीला कोठडीत टेबल-खुर्ची काहीच नव्हतं. मग अर्ज-विनंत्या केल्यावर भिंतीला छातीच्या उंचीवर तिरक्या फळ्या ठोकून मिळाल्या. दिवसभर कुदळ मारून आलेल्या माणसाने उभं राहून अभ्यास करायचा. मंडेला यांनी आत्मचरित्रात हा किस्सा रंगवून सांगितलाय. अहमद कथराडा यांनी सगळ्यात जास्त तक्रार केली की फळी इतकी उतरती आहे की पुस्तकं घसरून पडतात. एक दिवस तुरुंगाचा अधिकारी अचानक त्यांच्या कोठडीत आला, एक पुस्तक मागून घेतलं आणि फळीवर ठेवलं. घसरलं नाही. त्यावर दुसरं, मग आणखी. चार झाली तरी एकही हललं नाही. काही बिघडलेलं नाही म्हणत साहेब निघून गेले. पुढे सुमारे सहा महिन्यांनी तीन पायांची लाकडी स्टुलं आली आणि फळ्या खाली उतरल्या.

हा किस्सा वाचताना हसू येतं. आता इतिहासाचे विद्यार्थी म्हणून परत वाचा. सांगणारा माणूस १९९४ साली, राष्ट्राध्यक्ष झालेल्या वर्षी, पुस्तक छापतो आहे. विनोद त्या वेळचा आहे. सहा महिने उभं राहून अभ्यास करताना तो विनोद होता का, हे आपल्याला या पानावरून कळणार नाही. पण तक्रार नेमकी कशाबद्दल होती, ती कुणाकडे गेली, अधिकाऱ्याने ती कशी 'तपासली' आणि निर्णयाला किती वेळ लागला, हे चारही तपशील कळतात. आत्मचरित्रातून भावना उचलण्यापेक्षा असे तपशील उचला. दुसऱ्या साधनाशी ताडून बघता येतात ते हेच.

पुस्तकांचं तर वेगळंच. टपालाने शिकणाऱ्याला ग्रंथालयाचं पुस्तकही टपालानेच मागवावं लागतं. मंडेला यांनी हा प्रवास टप्प्याटप्प्याने लिहिलाय. विनंती जायची, ग्रंथालय पुस्तक पाठवायचं, ते बेटावर यायचं, मग सेन्सॉरकडे पडून राहायचं. कधी टपालाच्या ढिलाईने, कधी मुद्दाम. परत करायची तारीख उलटून गेली असली की वॉर्डर कैद्याला न कळवताच पुस्तक परत पाठवून द्यायचे. म्हणजे जे पुस्तक हातातच पडलं नाही, त्याचा उशिराचा दंड मात्र भरायचा. हा प्रसंग मी ज्याला ज्याला सांगते तो हसतो आणि लगेच आपल्या विद्यापीठाचा एखादा किस्सा सांगायला लागतो. तो मोह आवरा. आपला उशीर बहुतेक वेळा गचाळपणाचा असतो. तिथला काही गचाळपणाचा होता आणि काही धोरणाचा, आणि कुठला कुठला हे विद्यार्थ्याला कळू नये यातच त्या व्यवस्थेची ताकद होती.

दूरशिक्षणाचा सिद्धांत वाचताना तुम्हाला मायकेल मूर यांचं नाव पहिल्या आठवड्यातच भेटेल. त्यांचा मुद्दा असा की दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आहे आणि विद्यार्थ्याला स्वतःचं स्वतः ठरवण्याची मोकळीक किती आहे, यावर ते अंतर ठरतं. उपयोगी विचार आहे. या मांडणीने डेनिस गोल्डबर्ग यांच्याकडे बघा. रिव्होनिया खटल्यात शिक्षा झालेले ते एकटे गोरे. तुरुंगातही वर्णभेद पाळला जात असल्यामुळे त्यांना बेटावर न पाठवता प्रिटोरियाच्या तुरुंगात ठेवलं. तिथे ते २२ वर्षं होते आणि तिथूनच युनिसाच्या पदव्या घेतल्या. युनिसाही प्रिटोरियातच. विद्यार्थी आणि विद्यापीठ एकाच शहरात, आणि तरी 'दूर'. इकडे बेटावरचा विद्यार्थी त्याच विद्यापीठापासून हजारभर किलोमीटरहून लांब. दोघांच्या अंतरात फरक किती? मूर यांचं म्हणणं इथे लख्ख पटतं.

पण त्याची मर्यादाही इथेच दिसते. या मांडणीत एका टोकाला शिक्षक असतो, दुसऱ्या टोकाला विद्यार्थी, आणि मधली जागा रिकामी धरलेली असते. बेटावर त्या मधल्या जागेत एक माणूस बसला होता, हातात कात्री घेऊन. विद्यापीठाची पत्रं, विद्यार्थ्याचे स्वाध्याय, ग्रंथालयाची पुस्तकं, सगळं त्याच्यावरून जायचं. हा तिसरा माणूस सिद्धांतात कुठे बसवायचा? तुरुंग सोडा, आजच्या दूरशिक्षणातही मध्ये कुणीतरी असतंच: फोन ज्याच्या मालकीचा तो भाऊ, रेंज देणारी कंपनी, 'आता पुरे झाला अभ्यास' म्हणणारी सासू. प्रबंधासाठी प्रश्न शोधत असाल तर हा घ्या, माझी हरकत नाही.

कैद्यांनी या तिसऱ्या माणसाचा अभ्यास बारकाईने केला होता. मॅक महाराज अर्थशास्त्र शिकत होते. त्यांनी 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक मागवायची परवानगी मागितली. वर्तमानपत्रांना तेव्हा बंदी होती, आणि हे तर सरळ सरळ बातम्यांचं साप्ताहिक. सहकारी हसले. महाराजांचा हिशेब असा की अधिकारी नाव बघून पास करतात. तसंच झालं, महिन्याभरात अंक यायला लागले. अर्थात चूक लवकरच लक्षात आली आणि अंक बंद झाले.

आता एक विसंगती दाखवते, कारण संशोधनाचं खरं काम तिथे सुरू होतं. मंडेला लिहितात की राजकारण आणि लष्करी इतिहास यांसारख्या विषयांना मनाई होती. दुसरीकडे डिकगांग मोसेनेके बघा. १९६३ साली वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना शिक्षा झाली, दहा वर्षं बेटावर काढली, तिथेच शालेय शिक्षण पुरं करून युनिसाची बी.ए. घेतली. विषय: इंग्रजी आणि राज्यशास्त्र. पुढे ते देशाचे उपसरन्यायाधीश झाले. कथराडा यांनी तुरुंगातून युनिसाच्या चार पदव्या घेतल्या, त्यांत आफ्रिकी राजकारण हा विषय आहे. मग मनाई होती की नव्हती?

नवखा संशोधक इथे दोनपैकी एक करतो. विसंगती दिसलीच नाही असं दाखवतो, किंवा आत्मचरित्र अविश्वसनीय ठरवून बाजूला ठेवतो. दोन्ही घाई आहे. आठवण काळाची घडी घालते. अठरा वर्षांत बदलत गेलेले नियम एका वाक्यात 'मनाई होती' असे येतात. शिवाय तुरुंगात विभाग वेगवेगळे होते, अधिकारी बदलत, आणि छापील नियम वेगळा नि त्या दिवशीच्या साहेबाची मर्जी वेगळी. म्हणून कामाचा प्रश्न असा विचारायचा: कुठल्या वर्षी, कुठल्या विभागात, कुणाला, कुठला विषय नाकारला? याचं उत्तर आठवणींत मिळणार नाही. अर्ज आणि त्यावरचे शेरे यांत मिळण्याची शक्यता जास्त. केप टाउनच्या वेस्टर्न केप विद्यापीठातल्या मायिबुये संग्रहात आणि दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या काळाची कागदपत्रं आहेत. शिवाय कथराडा यांची तुरुंगातली पत्रं १९९९ साली आणि मंडेला यांची २०१८ साली पुस्तकरूपाने आली आहेत. आत्मचरित्र वाचून झाल्यावर पत्रं वाचा. ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशीचा राग पत्रात असतो. पण हेही विसरू नका की ही पत्रं सेन्सॉर वाचणार हे माहीत असलेल्या माणसाने लिहिली आहेत.

'रॉबेन आयलंड युनिव्हर्सिटी' हा शब्दप्रयोग तुम्ही ऐकला असेल. बेटालाच विद्यापीठ म्हणायचे. ऐकायला छान आहे, आणि माझ्या मते संशोधकाला तो फसवतो, कारण त्याखाली दोन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. एक युनिसाचं शिक्षण: परवानगी घेऊन, एकट्याने, आपापल्या कोठडीत, आपापली फी भरून, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. दुसरं खाणीतलं शिक्षण: कुदळ चालवता चालवता, घोळक्याने, चोरून. त्यात इतिहास होता, राजकारण होतं, वादविवाद होते, परीक्षा नव्हती. पहिल्याचा कागद आहे, दुसऱ्याच्या फक्त आठवणी. पहिल्याची नोंद विद्यापीठाकडे मिळते म्हणून तोच 'दूरशिक्षणाचा अनुभव' समजलात तर अर्धी गोष्ट हातातून जाईल.

दोन्हींना जोडणारा धागा होता पुस्तकांचा. नियम असा की अभ्यासाची पुस्तकं दुसऱ्या कैद्याला द्यायची नाहीत. फीसाठीही कित्येक वर्षं फक्त घरच्यांकडून पैसे घ्यायची मुभा होती. घरी पैसे नसले की शिक्षण नाही, आणि शिक्षणाची परवानगी नाही म्हणजे पुस्तकही नाही. तुरुंगाच्या भिंतीच्या आत पुन्हा शिकणारे आणि न शिकणारे अशी फाळणी. पुस्तकं अर्थातच फिरली. ज्याला परवानगी आहे त्याने आपली सवलत धोक्यात घालून, ज्याला नाही त्याला द्यायचं. हा धोका नुसता म्हणायचा नव्हता, हे पुढे कळलंच.

१९७५ साली सहकाऱ्यांच्या सूचनेवरून मंडेला गुपचूप आत्मचरित्र लिहायला लागले. रात्री लिहायचे, कथराडा आणि वॉल्टर सिसुलू वाचून समासात सूचना लिहायचे, आणि महाराज ते सगळं मुंगीएवढ्या अक्षरात उतरवून काढायचे. ही बारीक प्रत त्यांनी लपवली कुठे? स्वतःच्या अभ्यासाच्या वह्यांच्या बांधणीत. १९७६च्या डिसेंबरात त्यांची सुटका झाली आणि मजकूर बाहेर गेला. मूळ हस्तलिखित, सुमारे पाचशे पानं, बेटावरच्या अंगणात पुरलं होतं. पुढच्या वर्षी तिथे भिंत बांधायला खोदकाम निघालं आणि ते सापडलं. समासातल्या अक्षरांवरून कथराडा आणि सिसुलूही अडकले. शिक्षा काय? तिघांचीही अभ्यासाची सवलत रद्द. ती चार वर्षं परत मिळाली नाही.

एकाच प्रसंगात अभ्यासाची वही दोनदा येते बघा. आधी ती विद्यापीठाला ठाऊक नसलेलं काम करते, आणि नंतर तीच हिसकावून घेणं हा तुरुंगाच्या हातातला सगळ्यात नेमका दंड ठरतो. दूरशिक्षणाने या माणसांना काय दिलं हे सगळे सांगतात. पण ज्याच्याकडून काढून घ्यायला काहीच उरलं नाही, त्याला ते देऊन तुम्ही त्याला परत दंड करण्याजोगा बनवता, ही बाजू फारशी लिहिली जात नाही. कैदी हे ओळखून होते आणि तरीही त्यांनी अर्ज केले. का केले, याचं एकच एक उत्तर देता येणार नाही. कुणाला सुटल्यावरचा धंदा डोळ्यापुढे होता, कुणाला डोकं शाबूत ठेवायचं होतं.

जोन स्कॉट या इतिहासकार बाईंचा १९९१ सालचा 'द एव्हिडन्स ऑफ एक्सपीरियन्स' हा निबंध मिळवून वाचा. थोडा अवघड आहे, दोनदा वाचावा लागेल. त्यांचं म्हणणं ढोबळमानाने असं की अनुभव हा पुरावा म्हणून जसाच्या तसा पुढे ठेवायचा नसतो, तो कशामुळे तसा घडला हेच तर शोधायचं असतं. मी स्वतःपुरती एक सोपी युक्ती केली आहे. टिपणात 'अनुभव' शब्द आला की खोडते आणि त्या जागी क्रियापद लिहिते. रॉबेन बेटाच्या विद्यार्थ्यांसाठी माझी यादी अशी झाली: अर्ज करणे, वाट बघणे, उभं राहून वाचणे, न मिळालेल्या पुस्तकाचा दंड भरणे, उसनं देणे, लपवणे, गमावणे. प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो, तारीख लागते आणि समोर कुणीतरी लागतं. मग साधनं कुठे शोधायची हे आपोआप ठरत जातं. महाराष्ट्रातही तुरुंगांमध्ये मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रं चालतात. तिथल्या विद्यार्थ्यांवर कुणी काम करणार असेल तर प्रश्नावलीच्या आधी ही यादी करून बघा. अर्थात तिथे जिवंत माणसांच्या संमतीचा प्रश्न आधी येतो, आणि परवानगीचा कागद ज्याच्या सहीने मिळतो तोच त्यांच्या सवलतीही ठरवतो, हे ध्यानात ठेवून.

मंडेला यांची कायद्याची पदवी राहिलीच. १९४३ साली विटवॉटर्सरँड विद्यापीठात सुरू केलेली, तिथे अपुरी राहिलेली, मग लंडनची बहिःस्थ, मग चार वर्षं बंद, आणि शेवटी युनिसाची. १९८२ साली त्यांना बेटावरून मुख्य भूमीवरच्या पोल्समूर तुरुंगात हलवलं होतं. १९८७ साली त्यांनी तिथून युनिसाला एक अर्ज पाठवला, प्रकाशित पत्रांमध्ये तो आहे. मागणी एवढीच की लॅटिनच्या पेपरातून सूट मिळावी. पूर्वी पास झालो होतो, पण आता सगळं विसरलोय आणि या वयात पहिल्यापासून सुरुवात करणं जड जाईल, असं कारण दिलंय. वय ६९. एलएल.बी. १९८९ साली पूर्ण झाली.